‘देश’ नव्हता, तरी ‘हक्क’ कसा? पॅलेस्टिनी स्वयंनिर्णय आणि आंतरराष्ट्रीय कायदा

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

गाझावरच्या मागच्या भागांनंतर तुमच्याकडून दोन प्रश्न वारंवार आले. पहिला, ‘पॅलेस्टाईन नावाचा देश इतिहासात कधी नव्हताच, मग हक्क कसला?’ दुसरा बरोबर उलटा, ‘एवढ्या देशांनी मान्यता दिली, कोर्टानेही सांगितलं, मग अजून देश का नाही?’ गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न एकाच गोंधळातून येतात. ‘राज्य असणं’ आणि ‘स्वयंनिर्णयाचा हक्क असणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो. आजचा भाग त्या फरकावर.

आज काय बोलणार नाही, तेही सांगते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अनेकांना ओलीस नेलं गेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो, हजारो पॅलेस्टिनी मारले गेले. त्यातल्या गुन्ह्यांची चौकशी, वंशसंहाराचा खटला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची वॉरंटं हे सगळे स्वतंत्र विषय आहेत. आज फक्त एका हक्काची गोष्ट करू: तो कुठून आला, कोणाचा आहे आणि त्याचा उपयोग काय.

आधी शब्द नीट लावून घेऊ

स्वयंनिर्णय म्हणजे काय, तर एखाद्या जनसमूहाने आपली राजकीय स्थिती स्वतः ठरवणं. स्वतंत्र राज्य व्हायचं, दुसऱ्या राज्यात सामील व्हायचं की कोणाशी जोडलेलं राहायचं, हा निर्णय त्यांचा. त्याबरोबरच आपला आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक विकासही आपल्या मर्जीने करायचा.

इथे महत्त्वाचा शब्द आहे ‘जनता’. हक्क राज्याला नाही, सरकारला नाही, एखाद्या पक्षालाही नाही. हक्क जनतेला. म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरण भ्रष्ट आहे की नाही, हमासने काय केलं, निवडणुका किती वर्षं झाल्या नाहीत, हे सगळे प्रश्न खरे आहेत, गंभीर आहेत, पण त्यांच्या उत्तरावर जनतेचा हक्क टिकत किंवा बुडत नाही. आपल्याकडेही सरकार नालायक निघालं म्हणून लोकांचा मतदानाचा हक्क रद्द होत नाही.

आणि राज्य म्हणजे? त्याची प्रसिद्ध कसोटी १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारातली: कायमची लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. आता बघा, स्वयंनिर्णयाचा हक्क ज्यांना सर्वात जास्त लागतो त्यांच्याकडे या चारपैकी एखादी गोष्ट नसतेच. असती तर हक्क मागायची वेळ कशाला आली असती? म्हणून ‘आधी देश दाखवा, मग हक्क बघू’ हा युक्तिवाद उलटा आहे. अल्जीरिया, केनिया, अंगोला हे आजच्या सीमांचे, आजच्या नावाचे देश म्हणून आधी नव्हते. हक्क आधी मान्य झाला, देश नंतर झाले.

अज्ञान पालनकर्ता

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरलं. त्याचे अरब प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्सच्या हाती आले. पूर्वीच्या काळी जिंकणाऱ्याने ते सरळ आपल्या नावावर केले असते. पण १९१९ च्या राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात कलम २२ आलं आणि ‘मँडेट’ नावाची नवी व्यवस्था सुरू झाली.

सातबाऱ्यावर कधी ‘अ.पा.क.’ असा शेरा पाहिलाय? अज्ञान पालनकर्ता. मालक वयाने लहान आहे म्हणून मोठं माणूस त्याच्या वतीने जमीन सांभाळतं. ताबा मोठ्याचा, मालकी लहानाची. मूल सज्ञान झालं की शेरा निघायला हवा. मँडेटची कल्पना साधारण अशीच होती. कलम २२ मधला शब्दप्रयोग होता ‘सभ्यतेची पवित्र विश्वस्त जबाबदारी’. अख्ख्या समाजांना ‘अज्ञान’ ठरवण्यात जो वसाहतवादी उद्धटपणा आहे तो आहेच. पण कायद्याच्या दृष्टीने एक गोष्ट ठरून गेली: पालनकर्ता मालक नाही.

त्याच कलमात पुढे म्हटलंय की पूर्वीच्या तुर्की साम्राज्यातले काही समाज अशा टप्प्यावर आलेत की स्वतंत्र राष्ट्रं म्हणून त्यांचं अस्तित्व तात्पुरतं मान्य करता येईल. या गटातले इराक, सीरिया, लेबनॉन पुढे स्वतंत्र झाले. ट्रान्सजॉर्डनही झाला. राहिला पॅलेस्टाईन.

का राहिला? कारण तिथे पालनकर्त्याने आधीच दुसरं एक वचन देऊन ठेवलं होतं. २ नोव्हेंबर १९१७ चं बाल्फोर जाहीरनामा हे पत्र. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारायला ब्रिटनचा पाठिंबा. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचा उल्लेख त्यात ‘बिगर-ज्यू समुदाय’ असा येतो. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाधा येऊ नये, असं म्हटलंय. राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा हे ‘बिगर-ज्यू’ लोकसंख्येचा प्रचंड मोठा हिस्सा होते. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मंजूर केलेल्या मँडेटमध्ये हे वचन जसंच्या तसं गेलं.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. युरोपात शतकानुशतकं छळ सोसलेल्या आणि पुढे हिटलरच्या संहारातून वाचलेल्या ज्यू लोकांसाठी स्वतःचं राज्य ही चैनीची मागणी नव्हती. ज्यू जनतेचा स्वयंनिर्णय खोटा आणि पॅलेस्टिनींचा खरा, असं आज मी म्हणणार नाही, कायदाही म्हणत नाही. आपल्या कोकणातून गेलेले, अजूनही मराठी बोलणारे बेने इस्रायली आज तिथले नागरिक आहेत. त्यांचं तिथे असणं वादाचा विषय नाही. वाद आहे तो एकाच्या हक्काने दुसऱ्याचा हक्क संपतो का, याचा.

१९४७: न विचारलेला प्रश्न

ब्रिटनने हात टेकले आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे दिलं. ११ देशांची एक समिती नेमली गेली. भारत तिचा सदस्य होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही. बहुमताने फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळी योजना मांडली: एकच संघराज्य, त्यात अरब आणि ज्यू असे दोन घटक. वर्ष लक्षात घ्या. ज्या वर्षी आपली फाळणी झाली त्याच वर्षी आपण तिथल्या फाळणीला विरोध करत होतो.

२९ नोव्हेंबर १९४७. आमसभेचा ठराव क्रमांक १८१. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारत विरोधात. लोकसंख्येत ज्यू तेव्हा साधारण एक तृतीयांश होते आणि नियोजित ज्यू राज्याला निम्म्याहून जास्त प्रदेश मिळत होता. अरब बाजूने योजना नाकारली, ज्यू नेतृत्वाने स्वीकारली.

त्याआधी समिती पातळीवर एक सूचना आली होती: तिथल्या बहुसंख्य लोकांच्या संमतीशिवाय फाळणी लादण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांना आहे का, हे आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा. ती सूचना २० विरुद्ध २१ मतांनी पडली. एका मताने! कोर्टाने काय सांगितलं असतं कोण जाणे. पण प्रश्न विचारलाच गेला नाही आणि न्यायालयाला या भूमीबद्दल पहिल्यांदा विचारणा झाली ती थेट २००३ मध्ये.

पुढचं थोडक्यात. मे १९४८ मध्ये इस्रायलची घोषणा, अरब देशांशी युद्ध, सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित. १९४९ च्या युद्धबंदीची रेषा, जिला आज ‘ग्रीन लाईन’ म्हणतात. तिच्या पलीकडची वेस्ट बँक जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे. पॅलेस्टिनी राज्य झालं नाही, आणि त्यात अरब देशांचाही वाटा होता, हे मान्य करायलाच हवं.

तत्त्वाचा कायदा झाला, आणि त्यात आपलं गोवाही आहे

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, पहिल्याच कलमात, ‘जनतांचे समान हक्क आणि स्वयंनिर्णय’ हे तत्त्व आहे. पण तत्त्व म्हणजे पाळायलाच लागेल असा नियम नव्हे. नियम झाला तो आशिया-आफ्रिकेतल्या नव्या देशांनी आमसभा भरून काढल्यावर.

१४ डिसेंबर १९६०, ठराव १५१४. वसाहतींतल्या देशांना आणि जनतांना स्वातंत्र्य देण्याबाबतची घोषणा. ८९ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ९ तटस्थ. त्यातलं एक वाक्य फार मोलाचं आहे: राजकीय, आर्थिक, सामाजिक किंवा शैक्षणिक तयारी अपुरी आहे, हे स्वातंत्र्य लांबवण्याचं निमित्त होता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२ आला. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं नाव दिलं होतं. म्हणजे गोवा वसाहत नाही, पोर्तुगालचाच भाग, मग स्वयंनिर्णयाचा प्रश्नच कुठे? संयुक्त राष्ट्रांनी हे मानलं नाही. ‘अजून स्वशासन न मिळालेले प्रदेश’ म्हणून जी यादी ठरावात आहे, तिच्यात अंगोला, मोझांबिक, तिमोर यांच्याबरोबर गोवा आणि त्याचे अंकित प्रदेश नावानिशी आहेत. ताबा असलेल्याने नाव बदललं म्हणून लोकांचा हक्क बदलत नाही, हा धडा आहे. वेस्ट बँकला कोणी ‘जुदेआ आणि समारिया’ म्हणतं, ‘वादग्रस्त प्रदेश’ म्हणतं, तेव्हा हा धडा आठवायला हरकत नाही.

पुढे १९६६ चे दोन मोठे मानवी हक्क करार आले. दोन्हींचं पहिलं कलम एकच: सर्व जनतांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. इस्रायलने हे दोन्ही करार १९९१ मध्ये स्वीकारले.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आलेला प्रश्न. ‘मग उद्या कोणीही उठून वेगळा देश मागेल की! भारताचं काय?’ रास्त प्रश्न आहे आणि भारत सरकारलाही तो पडला होता. १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना भारताने निवेदन जोडलं: हा हक्क परकीय वर्चस्वाखाली असलेल्या जनतांनाच लागू आहे, स्वतंत्र सार्वभौम राज्यांना किंवा राष्ट्राच्या एखाद्या भागाला नाही. काही युरोपीय देशांनी त्यावर हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवू. पण भारताची ही सर्वात अरुंद व्याख्या घेतली तरी पॅलेस्टिनी तिच्यात बसतात. त्यांना ना इस्रायलचं नागरिकत्व, ना तिथल्या संसदेसाठी मत, आणि वर लष्करी हुकमत दुसऱ्याची. परकीय वर्चस्व म्हणतात ते हेच. एखाद्या लोकशाहीतला प्रांत आणि लष्करी ताब्यातला प्रदेश यांची तुलना म्हणूनच टिकत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकबाबत हाच फरक केला: देशाच्या आत राहून बरोबरीने कारभारात भाग घेता येतो, तिथे साधारणपणे फुटून निघण्याचा हक्क उद्भवत नाही. वसाहतीतल्या किंवा परकीय ताब्यातल्या जनतेची गोष्ट निराळी.

‘निर्वासितांचा प्रश्न’ ते ‘जनता’

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतले, शिवाय सिनाई आणि गोलान. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेचा प्रसिद्ध ठराव २४२ आला. युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य, ताब्यातल्या प्रदेशातून माघार, आणि त्या भागातल्या प्रत्येक राज्याला सुरक्षित सीमांत शांततेने जगण्याचा हक्क. पण आख्ख्या ठरावात ‘पॅलेस्टिनी’ हा शब्द नाही! आहे फक्त ‘निर्वासितांचा प्रश्न’.

ही उणीव भरून निघायला सात वर्षं लागली. २२ नोव्हेंबर १९७४ ला आमसभेच्या ठराव ३२३६ ने पॅलेस्टिनी जनतेचे हक्क थेट नोंदवले: बाहेरच्या हस्तक्षेपाशिवाय स्वयंनिर्णय, राष्ट्रीय स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व. भारताने त्याच वर्षी पीएलओला मान्यता दिली आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राज्यालाही.

मग १९९३, ओस्लो. त्या वेळी जी पत्रांची देवाणघेवाण झाली तिच्यात पीएलओने इस्रायलचा शांततेने आणि सुरक्षित जगण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात पंतप्रधान राबिन यांनी पीएलओला ‘पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी’ मानलं. ‘पॅलेस्टिनी जनता’ हे शब्द इस्रायलच्या पंतप्रधानांच्या सहीच्या पत्रात आले. १९९५ च्या करारात वेस्ट बँकचे अ, ब आणि क असे तीन विभाग पडले. सर्वात मोठा क, साठ टक्क्यांच्या आसपास, पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणात. हे सगळं पाच वर्षांपुरतं होतं. तात्पुरतं होतं. ते आजही चालू आहे.

कोर्ट बोललं, दोनदा

२००३ च्या डिसेंबरमध्ये आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं: इस्रायल वेस्ट बँकमध्ये बांधत असलेल्या भिंतीचे कायदेशीर परिणाम काय? ९ जुलै २००४ ला उत्तर आलं, १४ विरुद्ध १. भिंतीचा जो भाग ताब्यातल्या प्रदेशातून जातो तो बेकायदा. आणि जाता जाता न्यायालयाने आपल्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावला: ‘पॅलेस्टिनी जनता’ अस्तित्वात आहे की नाही हा आता वादाचा मुद्दाच उरलेला नाही. आधार कशाचा? इतर गोष्टींबरोबर राबिन यांच्या त्या पत्राचाही.

योगायोग बघा, त्याच्या काही दिवस आधी, ३० जून २००४ ला, इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही भिंतीवर एक निकाल दिला. सुरक्षेसाठी भिंत बांधता येते असं म्हटलं, पण काही भागांचा मार्ग रद्द केला. आणि त्या निकालाचा पाया काय होता? की हा प्रदेश इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. म्हणजे ‘ताबा नाहीच, फक्त वादग्रस्त जमीन आहे’ ही भूमिका खुद्द त्यांच्या कोर्टातही तशी चालली नव्हती.

दुसरं मत १९ जुलै २०२४ चं. या वेळी प्रश्न मोठा होता: भिंत नाही, वस्ती नाही, अख्खा ताबाच. मी हे मत वाचलं तेव्हा मला सर्वात उपयोगी वाटला तो स्वयंनिर्णयाचा भाग, कारण न्यायालयाने हा हक्क चार तुकड्यांत उलगडून दाखवला आहे.

एक, प्रदेशाची अखंडता. हक्क बजावायला सलग जमीन लागते. वस्त्या, त्यांना जोडणारे रस्ते, भिंत आणि पूर्व जेरुसलेमचं सामिलीकरण यांनी त्या जमिनीची चाळण झाली. वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम मिळून वस्त्यांमध्ये आज सुमारे सात लाख लोक राहतात.

दोन, जनतेची एकसंधता. लोकांना पांगवणारी, विस्थापित करणारी धोरणं या हक्काच्या विरोधात जातात. जेरुसलेमचा नवरा आणि रामल्लाची बायको, वेगवेगळ्या रंगांची ओळखपत्रं, एकत्र राहायला परवाना. एक जनता अशीही तुकड्यांत वाटली जाते.

तीन, नैसर्गिक संपत्तीवर हक्क. पाणी, जमीन, खनिजं. १९६७ पासूनच पाण्याचं नियंत्रण लष्करी हुकमांखाली गेलं. विहीर खणायलाही परवानगी. पाणी कोणाच्या हातात यावर गावाचं काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चार, आपली राजकीय स्थिती आणि विकास मुक्तपणे ठरवणं.

हे चारही दशकानुदशकं नाकारले गेलेत, असं न्यायालयाने म्हटलं. परकीय ताब्याच्या अशा प्रसंगात स्वयंनिर्णय हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा अलंघ्य नियम आहे, म्हणजे कोणत्याही कराराने मोडता येणार नाही असा, हेही म्हटलं. आणि निष्कर्ष: ताब्यातल्या प्रदेशातली इस्रायलची उपस्थितीच बेकायदा, ती शक्य तितक्या लवकर संपवावी. बाजूने ११, विरोधात ४. नव्या वस्त्या थांबवण्याबाबत आणि नुकसानभरपाईबाबत तर १४ विरुद्ध १. न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते.

विरोधी बाजू काय म्हणते?

ती नीट ऐकून घेऊ. इस्रायलचं म्हणणं: १९६७ पूर्वी इथे कोणाचंही मान्य सार्वभौमत्व नव्हतं, ज्यू लोकांचं या भूमीशी प्राचीन नातं आहे, प्रश्न वाटाघाटींनी सुटायचा असं ओस्लोत ठरलंय, आणि आम्ही गाझातून २००५ मध्ये निघालो तर रॉकेटं आली.

यातला सुरक्षेचा मुद्दा सर्वात वजनदार आहे. विरोधी मत देणाऱ्या चारपैकी तीन न्यायमूर्तींनी तोच धरला: टोमका, अब्राहम आणि ऑरेस्कू. त्यांनी वस्त्या योग्य ठरवल्या नाहीत आणि पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयही नाकारला नाही. पण अख्खी उपस्थितीच बेकायदा, हे त्यांना पटलं नाही. सुरक्षा आणि माघार यांची सांगड घालावी लागेल, असं त्यांचं मत. चौथ्या न्यायमूर्ती सेबुटिंडे यांचा विरोध अधिक मूलभूत होता.

बहुमताचं उत्तर असं: सुरक्षेची चिंता खरी असली तरी ती बळाने प्रदेश मिळवायला मनाई करणारा नियम ओलांडू शकत नाही. माझं मत विचाराल तर, सुरक्षेसाठी सैन्याची चौकी समजू शकते. शाळा, बागा आणि द्राक्षमळे असलेली नागरी वस्ती सुरक्षेसाठी कशी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

‘सार्वभौमत्व कोणाचं नव्हतं’ याचं उत्तर आपण आधीच पाहिलं. पालनकर्ता गेला म्हणजे जमीन बेवारस होत नाही.

मग उपयोग काय?

न्यायालयाचं हे ‘सल्लागार मत’ आहे. कुर्की घेऊन बेलीफ येत नाही. पण म्हणून ते नुसतं शहाणपण नाही. हा हक्क सर्व जगाप्रति असलेली जबाबदारी आहे. १९९५ मध्ये पूर्व तिमोरच्या खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व निर्विवाद मानलं होतं. म्हणजे जबाबदारी फक्त इस्रायलवर नाही. २०२४ चं मत सर्व राज्यांना सांगतं: या परिस्थितीला कायदेशीर म्हणून मान्यता देऊ नका, ती टिकवायला मदत करू नका. म्हणून वस्त्यांमधल्या मालाचा व्यापार, तिथली गुंतवणूक, शस्त्रांची विक्री हे आता निव्वळ परराष्ट्र धोरणाचे नाहीत, कायद्याचे प्रश्न झालेत.

यात भारत कुठे आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये आमसभेने हे मत अमलात आणण्यासाठी १२ महिन्यांची मुदत घालणारा ठराव केला: १२४ बाजूने, १४ विरोधात, ४३ तटस्थ. भारत तटस्थ. पण त्याच वर्षी मे महिन्यात पॅलेस्टाईनच्या सदस्यत्वाला पाठिंबा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राज्यांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या न्यूयॉर्क घोषणेच्याही. थोडक्यात, ‘हक्क आहे’ याला होकार आणि ‘तो कधीपर्यंत द्यायचा’ यावर मौन.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, फ्रान्स यांनी मान्यता दिली. दीडशेहून जास्त देश झाले. बाल्फोरचं ब्रिटन आणि गोव्याला प्रांत म्हणणारं पोर्तुगाल एकाच दिवशी! पण पूर्ण सदस्यत्वाला सुरक्षा परिषद लागते, आणि तिथे एप्रिल २०२४ मध्ये १२ मतं बाजूने असूनही अमेरिकेच्या नकाराधिकाराने ते अडलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने गाझाबाबत ठराव २८०३ मंजूर केला. त्यात पॅलेस्टिनी स्वयंनिर्णयाचा उल्लेख आहे. पण कसा? प्राधिकरणाने सुधारणा प्रामाणिकपणे केल्या, गाझाची पुनर्बांधणी पुढे गेली, तर स्वयंनिर्णय आणि राज्याकडे जाणाऱ्या विश्वासार्ह वाटेसाठी परिस्थिती ‘कदाचित’ तयार होईल. आता ते १९६० चं वाक्य आठवा: तयारी अपुरी आहे हे निमित्त चालणार नाही. आणि २०२४ मध्ये न्यायालय म्हणालं की या हक्काचं अस्तित्व ताबेदाराच्या अटींवर अवलंबून असू शकत नाही. सुरक्षा परिषद ताबेदार नाही, हे खरं. पण शंभर वर्षांनी पुन्हा तोच सूर ऐकू येतो: तुम्ही अजून सज्ञान झालेला नाहीत.

माझ्या मते खरी लढाई आता इथे आहे. ‘हक्क आहे का’ हा प्रश्न संपला. कायद्याने त्याचं उत्तर दिलं. ‘कधी’ हे कोण ठरवणार, यावर सगळं अडलंय. वाटाघाटी सीमांच्या होऊ शकतात, सुरक्षेच्या, पाण्याच्या, निर्वासितांच्या होऊ शकतात, आणि त्या कराव्याच लागतील. वाटाघाटी हक्क असण्या-नसण्याच्या मात्र नाहीत. पुढच्या वेळी बातमीत ‘पॅलेस्टिनींना राज्य देण्याचा विचार’ असं वाचाल तेव्हा ‘देण्याचा’ या शब्दावर जरा थांबा. ज्याच्याकडे ताबा आहे तो मालकी देत नसतो. तो फक्त ताबा सोडतो.

पुढच्या भागात १९४९ चा चौथा जिनिव्हा करार घेऊ: ताब्यातल्या प्रदेशात आपली लोकसंख्या वसवू नये, हा नियम कुठून आला आणि का. प्रश्न पाठवत राहा, असहमती तर जरूर पाठवा. भेटूच!